ॲक्च्युअली विशारद कसे व्हावे

मराठी माणूस नोकरीसाठी बहारीनला, मनामाच्या हूरा भागात उतरतो तेव्हा त्याच्याजवळ पदवी असते, अनुभवाचा दाखला असतो आणि बॅगेत थालीपिठाची भाजणी असते. नसते ती इंग्रजी वाक्य सुरू करण्याची सोय. एक्झिबिशन रोडच्या आसपास एकेका इमारतीत मलयाळी, फिलिपिनो, इजिप्शियन, पाकिस्तानी अशी बिऱ्हाडे शेजारी शेजारी नांदतात. लिफ्टमध्ये सगळ्यांची गाठ इंग्रजीत पडते आणि एखादा ब्रिटिश साहेब सोडला, तर इंग्रजी ही त्यातल्या बहुतेकांच्या आजीची भाषा नसते. अशा ठिकाणी 'आय वॉन्ट'ने तोंड उघडणारा उद्धट ठरतो. वाक्याच्या दारात आधी एक क्रियाविशेषण उभे करावे, मग कर्त्याला आत सोडावे.

अभ्यासाला 'ॲक्च्युअली'पासून बसावे. पुण्या-मुंबईच्या मराठीत हा शब्द इतका मुरला आहे, की उमेदवाराची निम्मी तयारी घरीच झालेली असते. शब्दकोशात त्याचा अर्थ 'खरे तर' असा मिळेल. व्यवहारात तो 'तुमचे चुकले आहे, पण मला भांडायचे नाही' असा घ्यावा. बहारीनमध्ये पत्ता म्हणजे फ्लॅट, बिल्डिंग, रोड आणि ब्लॉक असे चार आकडे. बिर्याणी घेऊन निघालेला मुलगा त्यातला एक आकडा हुकतो आणि भलत्याच रोडवरून फोन करतो. इथे 'यू आर राँग' म्हणणाऱ्याची बिर्याणी गार होते. "ॲक्च्युअली भैया, माय बिल्डिंग इज बिहाइंड द कोल्ड स्टोअर," असे म्हणावे. चूक कोणाची हे गुलदस्त्यात राहते आणि जेवण वर येते. (कोल्ड स्टोअर म्हणजे बहारीनमधले कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान. नावावर जाऊ नये, तिथे कांदे-बटाटेही मिळतात.)

'बेसिकली' हा शब्द मीटिंगसाठी राखून ठेवावा. ज्याला विषयाचा पाया ठाऊक असतो तो थेट विषयावर येतो. ज्याला नसतो त्याला 'बेसिकली'मुळे विचार करायला दोन क्षण मिळतात. 'बे' थोडा लांबवला तर तीन. मुळीच उघड नसलेल्या गोष्टीआधी 'ऑब्व्हियसली' लावावे, म्हणजे समजले नाही असे कबूल करायची कोणाची छाती होत नाही. 'ब्रीफली' म्हणून सुरुवात करणाऱ्याच्या समोर बसण्यापूर्वी करक चहा मागवून ठेवावा.

'ऑनेस्टली' मात्र जपून. एखाद्या वाक्याला प्रामाणिकपणाचा शिक्का मारला, की आधीच्या बिनशिक्क्याच्या वाक्यांचे काय, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतोच. घरमालकाचा एजंट "ऑनेस्टली सर, नो पार्किंग प्रॉब्लेम" म्हणाला, तर रात्री नऊनंतर गाडी घेऊन त्या गल्लीत एक चक्कर मारावी आणि मगच करारावर सही करावी.

जवळचाच शब्द 'फ्रँकली'. 'गॉन विथ द विंड' या 1936 च्या कादंबरीत नायक नायिकेला सोडून जाताना जे वाक्य बोलतो, त्यात हा शब्द नाही. 1939 च्या चित्रपटात क्लार्क गेबलच्या तोंडी तो वाक्याच्या अगदी सुरुवातीला घातला गेला. 2005 मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने हॉलीवूडच्या शंभर संस्मरणीय वाक्यांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच वाक्याला मिळाला. श्रेय लेखिकेचे की त्या एका क्रियाविशेषणाचे, यावर उमेदवाराने वाद घालू नये. 'फ्रँकली' राजीनाम्याच्या दिवशी वापरावे, पगारवाढीच्या बोलणीत नको.

आता पथ्य. शब्द तोच, पण जागा बदलली की अर्थ उलटतो. पार्किंगमध्ये गाडीला गाडी घासली आणि साक्षीला उभा असलेला वॉचमन म्हणाला, "ही डिडन्ट सी क्लिअरली," तर त्याचा अर्थ ड्रायव्हरला नीटसे दिसले नाही. तोच वॉचमन "क्लिअरली, ही डिडन्ट सी" म्हणाला, तर ड्रायव्हरने पाहिलेच नाही, हे उघड आहे. पहिल्यात दोष अंधाराचा, दुसऱ्यात ड्रायव्हरचा. मधला स्वल्पविराम बोलताना दिसत नाही, म्हणून तिथे श्वास घ्यावा. बरेच मराठी लोक एका दमात बोलतात आणि भरपाईचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतात.

पत्रव्यवहारात 'काइंडली'ला पर्याय नाही. आखातातल्या ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता आणि 1965 मध्ये दिनार येईपर्यंत बहारीनमध्ये रुपया चालत असे. रुपयाबरोबर इथे मुंबईच्या कारकुनाचे इंग्रजीही चालले असेल, तर नवल वाटायला नको. 'काइंडली डू द नीडफुल' वाचताना बॅलार्ड पिअरचा वास येतो तो काही उगाच नाही. बहारीनचा कामाचा आठवडा रविवारपासून गुरुवारपर्यंत असतो. रविवारी सकाळचे 'काइंडली' म्हणजे विनंती, बुधवारचे म्हणजे आठवण. गुरुवारी दुपारी तेच 'काइंडली' साहेबांना प्रत पाठवून आले, तर ती नोटीस समजावी.

शब्द आठवलाच नाही तर लाज बाळगू नये. अरबी सहकारी अशा वेळी 'यानी' म्हणून वेळ काढतात आणि जोर द्यायला वाक्याआधी 'वल्ला' लावतात. मराठीतही 'म्हणजे', 'तसं बघायला गेलं तर', 'खोटं कशाला बोलू' हा साठा आहेच. शाळेच्या व्याकरणात अशा लकबींना पालुपदे म्हणून स्वतंत्र खाते दिलेले आहे. वाक्य 'म्हणजे'ने सुरू करून 'ॲक्च्युअली'वर नेणारा मराठी इंजिनिअर हूरामध्ये कोणालाही परका वाटत नाही.

सर्वांत कठीण पेपर 'होपफुली'चा. हा शब्द 'आशेने' एवढ्याच अर्थी वापरावा, 'अशी आशा आहे' या अर्थी वाक्याच्या डोक्यावर ठेवू नये, असा इंग्रजीतल्या कडव्या पंडितांचा हट्ट कित्येक दशके चालला. 2012 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तकात हा दुसरा वापरही मान्य केला. हूराला त्या मान्यतेची गरज नव्हती, कारण तिथे या जागी 'इन्शाल्ला' आधीपासूनच आहे. श्रद्धेने म्हटलेले 'इन्शाल्ला' वेगळे आणि ऑगस्टमध्ये एसी बंद पडल्यावर मेकॅनिक म्हणतो ते वेगळे, हा भेद कानाला कळायला एक उन्हाळा जावा लागतो. तो नुसते 'इन्शाल्ला' म्हणाला तर उद्या संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. 'होपफुली' म्हणाला तर त्याच्याकडे अजून पार्ट आलेला नाही. आणि "होपफुली टुमॉरो, इन्शाल्ला" असे दोन्ही एकाच वाक्यात आले, तर उशी घेऊन मित्राच्या घरी मुक्काम हलवावा.