वळूसर

नाव काहीही असो, कॉलेजातली पोरं त्यांना वळूसरच म्हणतात. धुळ्यात असो की जळगावात, असे एक सर सापडतातच. एम.एस्सी., पीएच.डी. राहुरीची, त्यामुळे होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून तिथे तयार झालेल्या 'फुले त्रिवेणी'चा विषय निघाला की आवाज माहेरच्यासारखा ओला होतो. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मूळ गाव कोणतं? आईचं माहेर?" समोरच्याला वाटतं, सर स्थळ बघताहेत. सर वंशावळ भरत असतात. मामाच्या मुलीशी लग्न लागत असेल तर सरांना पुढच्या रांगेत बसवू नये. मंगलाष्टकं संपायच्या आत बोटांवर हिशेब मांडून ते शेजाऱ्याला सांगतात, "होणाऱ्या लेकरांत अंतःप्रजनन सव्वासहा टक्के." शेजारी बहुधा नवरीचा काका निघतो.

सरांचं खरं दुःख वेळेचं आहे. फळमाशीवर काम करणाऱ्याला महिन्याभरात नातवंडं दिसतात. इथे वळू चांगला की वाईट, हे त्याच्या लेकींच्या दुधावरून ठरायचं. वळू दीड वर्षाचा झाला की रेत मिळणार, गाय गाभण राहिली की नऊ महिने, झालेली कालवड दोनेक वर्षांची होऊन भरायची, पुन्हा नऊ महिने, मग ३०५ दिवसांचं वेत मोजायचं. सहा वर्षं कुठे गेली नाहीत. तेवढ्यात सरांची बदली होते, किंवा शेतकरी नेमकी तीच कालवड बाजारात काढतो. नोंदवहीत बाप आहे, आजा आहे, गोठ्यात लेक नाही. आता जन्मलेल्या वासराच्या जनुकांवरून अंदाज बांधता येतो म्हणतात. सर त्याबद्दल तोंडभरून बोलतात, पण चेहरा आयुष्यभर पायी वारी करून अखेर बसने पंढरपुरात उतरलेल्या माणसाचा असतो.

त्यात नशिबाने शेजार दिला केळीवाल्यांचा. रावेर-यावलचा बागायतदार टिश्यू कल्चरची जी-नाईन लावतो. एका झाडापासून लाखो झाडं, सगळी तंतोतंत सारखी, ना बाप ना भानगड, वर्षाच्या आत घड. २००९ साली कर्नालच्या संस्थेत म्हशीचं क्लोन केलेलं पारडू जन्मलं, तेव्हा वळूसर पेपर घेऊन गावभर फिरले. पहिलं पारडू काही दिवसच जगलं, जूनमध्ये 'गरिमा' झाली, तेव्हा पुन्हा फिरले. केळीवाल्याने शांतपणे विचारलं, "एकच?" सरांनी त्याच्याकडचं भरीत खाणं सोडलं, असं म्हणतात, मला ते खरं वाटत नाही. भरीत कोण सोडतं?

प्रबंध म्हशीच्या मुक्या माजावर. उन्हाळ्यात म्हैस माजावर आली तरी ओरडत नाही, उड्या मारत नाही. लक्षणं दिसलीच तर रात्री किंवा पहाटे. म्हणून मे महिन्यात अख्खं धुळे गच्चीवर झोपलेलं असताना सर बॅटरी घेऊन गोठ्यात. बाहेर ४५ अंशांचा दिवस उजाडायचा असतो आणि त्यांच्या मोटरसायकलला बांधलेल्या नायट्रोजनच्या भांड्यात उणे १९६. झाकण उघडलं की पांढरी वाफ निघते आणि आसपासची पोरं 'बर्फाचा गोळा, बर्फाचा गोळा' करत धावत येतात. सर प्रत्येक पोराला समजावतात की रेताची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवावी लागते. गोळा मिळत नाही म्हटल्यावर पोरं जातात, समजावणं चालू राहतं.

एकवीस दिवसांनी गाय उलटली की शेतकरी दारात. सर फळ्यावर काढावी तशी मातीत आकृती काढतात, हे संप्रेरक वर गेलं, ते खाली आलं. म्हातारा ऐकून घेतो आणि म्हणतो, "सायेब, तुमनं बठ्ठं बरोबर शे, पन गायले कोन सांगी?"

हल्ली लिंगनिश्चित रेताला मागणी आहे. एक्स शुक्राणूत वायपेक्षा जवळजवळ चार टक्के डीएनए जास्त, तेवढ्या फरकावर यंत्र ते वेगळे काढतं आणि दहातल्या नऊ वेळा कालवड मिळते. नात झाली म्हणून ओसरीवर तोंड पाडून बसलेला गडी गोठ्यात मात्र कालवडीसाठी हटून बसतो. त्याच ओसरीवरची आजी हळूच विचारते, "डाक्टर, यान्हामा पोर‍्यानं काही जमी का?" एरवी गायीसारखे गरीब सर तेव्हा असे भडकतात की नायट्रोजनचं भांडंही तिथेच विसरून येतात.

निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ झालं, मग सवत्स धेनूची चांदीची मूर्ती दिली. सरांनी ती उलटी करून सड मोजले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माईकमध्ये म्हणाले, "गायीचं कपाळ गीरचं, कान लांब. वासराचे कान आखूड, वशिंड नाही. यात नोंद चुकलेली आहे. बाप तपासा."