होऊ घातलेला बाप

होऊ घातलेला बाप ओळखावा तो त्याच्या मोबाइलवरून. पुण्याच्या बाणेर-वाकड पट्ट्यात त्याची वस्ती दाट आहे: वय तिशीचे, नोकरी हिंजवडीत, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की तो बायकोला जवळ घेतो, डोळे पुसतो आणि लगेच तीन ॲप उतरवून घेतो. त्याच्या वडिलांच्या वेळी हे प्रकरण सोपे होते. बायको सातव्या महिन्यात माहेरी जायची आणि शेजाऱ्यांकडे फोन येईपर्यंत बापाने कामावर जात राहायचे. त्या बापाला काही कळत नसे आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. याला सगळे कळते. करण्यासारखे मात्र फारसे काही नसते. ही पोकळी तो आकड्यांनी भरतो.

पहिला आकडा तारखेचा. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने चालणाऱ्या नियमानुसार शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. म्हणजे हिशेबाचे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. हे कळल्यावर त्याला न वापरलेल्या दिवसांचे बिल लागल्यासारखे वाटते. त्यातून दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात चार-पाच. बाकीची आपल्या सवडीने, थोडी आधी किंवा नंतर येतात. डेडलाइनवर पोट भरणाऱ्या माणसाला हे पचत नाही. तो ती तारीख ऑफिसच्या कॅलेंडरात टाकून मॅनेजरला कळवतो. मॅनेजर विचारतो, “सकाळी की लंचनंतर?” केंद्र सरकारी नोकराला निदान १५ दिवसांची पितृत्व रजा हक्काची असते, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याचे असे पाठबळ नाही, त्यामुळे मॅनेजरचा प्रश्न अगदीच थट्टेचा नसतो.

ॲप परदेशी असते. गर्भ या आठवड्यात ब्लूबेरीएवढा, पुढे कधीतरी आर्टिचोकएवढा, असे ते कळवते. आर्टिचोक त्याने पाहिलेला नसतो. सासूबाई शांतपणे म्हणतात, “पेरूएवढं झालं असेल हो,” आणि हळिवाचे लाडू वळायला घेतात. हे लाडू बाळंतिणीसाठी असले तरी चव पाहण्याचे काम जावयाकडे येते. बायकोबरोबर नवऱ्यालाही मळमळ होते, वजन वाढते, हे वैद्यकाने नोंदवलेले आहे. या गृहस्थाच्या बाबतीत वैद्यकाला फार खोलात जावे लागत नाही.

तो खरा खुलतो सोनोग्राफीच्या दिवशी. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या तंत्रावर पहिला मोठा निबंध लिहिला, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावरून त्यांना ते सुचले आणि टॉम ब्राउन या इंजिनिअरने यंत्र घडवले. ही हकीकत तो रांगेतल्या सर्वांना सांगतो. इंजिनिअरवर त्याचा विशेष भर असतो. आत गेल्यावर पडद्यावरच्या करड्या ढगात त्याला स्वतःचे नाक दिसते. ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत, हेही तो डॉक्टरांना सांगतो. एकच माहिती त्याला कोणी देत नाही, आणि देऊही नये: मुलगा की मुलगी. गर्भलिंगनिदानाला देशभर बंदी करणारा कायदा १९९४ चा. त्याआधी १९८८ मध्येच महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. मुलींची संख्या घटत असताना हे कायदे करावे लागले, हे विसरून चालत नाही. भिंतीवरचा फलक वाचून आकड्यांचा हा भोक्ता मुकाट बसतो.

मग गर्भसंस्कार. आजी अभिमन्यूचा दाखला देते. चक्रव्यूहातून बाहेर पडण्याचा भाग ऐकायचा राहिला म्हणून जीव गेलेला हा बफरिंगचा पहिला बळी, असे बापाचे मत. तो मोत्झार्ट लावतो. मोत्झार्ट ऐकून बुद्धी वाढते या कल्पनेचे मूळ असलेला १९९३ चा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, पोटातल्या बाळांवर नव्हे, आणि परिणाम टिकला होता जेमतेम पंधरा मिनिटे. बाळाला पाचव्या-सहाव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागते हे खरे. पण त्याच्या कानाशी सगळ्यात जवळ असतात ते आईच्या काळजाचे ठोके आणि पोटातली गुरगुर. मोत्झार्ट त्यानंतर.

कळा सुरू झाल्यावर तो दोन कळांमधले अंतर ॲपवर टिपतो आणि सिस्टरांना आलेख दाखवतो. सिस्टर आलेख न पाहता त्याला संमतिपत्रावर सही करून डिपॉझिट भरायला पाठवतात. नऊ महिन्यांत त्याच्यावाचून अडलेले हे पहिले काम.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. नाव मात्र तेव्हा ठरलेले नसले तरी चालते; नोंदीनंतर वर्षभर ते विनाशुल्क घालता येते. नावांची एक्सेल शीट त्यामुळे तोवर उघडीच राहते.