अस्लमचा गुडघा, माझी झोळी

माझा आणि कबड्डीचा संबंध एका चढाईचा. १९८९ साली बँकेच्या आंतरशाखा स्पर्धेत मी मध्यरेषा ओलांडली, दोनदा ‘कबड्डी’ म्हणालो, आणि समोरच्या शाखेच्या हेड कॅशिअरनं मला कमरेला धरून नोटांची थप्पी ठेवावी तसं बाजूला ठेवलं. ठेवताना डावा गुडघा तेवढा उलटा ठेवला गेला. तेव्हापासून हा गुडघा पावसाची वर्दी हवामान खात्याच्या आधी देतो, आणि मी ‘एके काळी कबड्डी खेळायचो’ असं चारचौघांत सांगतो. दोन्ही विधानं खरी आहेत. फक्त एके काळी म्हणजे साधारण अकरा सेकंद.

हे आधीच कबूल करतो, कारण भोर-वेल्ह्याच्या सहलीत जे घडलं ते सगळं या अकरा सेकंदांच्या व्याजावर घडलं.

डिसेंबर २०२४. बेत साडूंचा. साडूंना नाही म्हणायचं तर आधी बायकोला, मग मेहुणीला, मग सासूबाईंना कारण द्यावं लागतं. त्यापेक्षा गड चढणं सोपं. शनिवारी भोरला त्यांच्या आत्याकडे मुक्काम, रविवारी राजगड. भोरचा राजवाडा पाहिला. लाकूडकाम सुंदर आहे. सिनेमावाल्यांनी तो आपल्यापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. भाटघरचं धरण पाहिलं. जलाशयाला येसाजी कंकांचं नाव दिलंय. हत्तीशी झुंजल्याची ज्यांची कथा सांगतात, त्यांचं नाव शांत पाण्याला, हे मला आवडलं. आत्यांकडचा आंबेमोहर भात पाहिला नाही, खाल्ला. तीनदा.

खरी सहल सुरू झाली ती एस.टी. स्टँडाजवळच्या सलूनमध्ये. वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि कारागिरानं विचारलं, “पुण्याचं का?”

“हो.”

“मग तुमाला ठावं असंल. अस्लमचा गुडघा कसा हाय?”

वस्तरा थांबला. बाकड्यावर पेपर वाचणारे दोघं थांबले. रेडिओही थांबल्यासारखा वाटला.

ज्यांना अस्लम ठाऊक नाही त्यांनी भोरमध्ये दाढी करू नये. अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला पोरगा, पुणेरी पलटणचा कर्णधार. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पलटणनं प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद घेतलं ते त्याच्या हाताखाली. त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या एशियाडमध्ये इराणला ३३-२९ हरवून सोनं आणणाऱ्या संघातही तो होता. आणि २०२४ च्या हंगामात, नोव्हेंबरात, गुडघा गेला. अस्लम उरलेल्या हंगामातून बाहेर, कर्णधारपद आकाश शिंदेकडे. डिसेंबरात सामने नेमके पुण्यात, बालेवाडीला. म्हणजे कार्य घरचं आणि नवरदेव पायाला पट्टी बांधून बसलेला.

पुण्याच्या माणसाला ‘माहीत नाही’ हे वाक्य शिकवलेलं नसतं. शिवाय गळ्यावर वस्तरा. मी म्हणालो, “सूज उतरलीय.”

तीन माणसांनी एकदम श्वास सोडला. वस्तरा सुरू झाला. तेवढ्यात साडू म्हणाले, “हे स्वतः कबड्डी खेळायचे हो.”

“मंग वळखत असाल त्याला?”

माझ्या ओठांवर साबणाचा फेस होता. मी गप्प राहिलो. भोरमध्ये मौनाचा अर्थ होकार असा होतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दाढीचे पैसे मात्र घेतले नाहीत, तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी चेलाडीवरून आत वळलो. नसरापूर, मार्गासनी, साखर, गुंजवणे. तालुक्याचं नाव आता वेल्हे नाही, राजगड. त्याच वर्षी नगरचंही अहिल्यानगर झालं. साडूंना दोन्ही नावं पाठ होती. मला फक्त पुढचा चहा कुठे मिळेल एवढंच जाणून घ्यायचं होतं.

गुंजवण्यातून चोरदरवाजाची वाट चढलो. या वाटेला शेवटी कातळ आहे आणि लोखंडी रेलिंग आहे. ते रेलिंग ज्यांनी लावलं त्यांना मी तिथल्या तिथे तीन पिढ्यांचे आशीर्वाद दिले. वर पद्मावती माची, तळं, पिठलं-भाकरी. महाराजांनी पंचवीसेक वर्षं राजधानी इथे का ठेवली ते मला समजलं. एकदा चढून आल्यावर खाली उतरायची इच्छाच होत नाही.

उतरायचं ठरलं पाली दरवाजानं. हा राजमार्ग. रुंद, बांधीव पायऱ्या, पालख्या जायच्या अशी सोय. गाडी गुंजवण्यात म्हणजे गडाच्या दुसऱ्या अंगाला होती, पण साडू म्हणाले, “खालून जीप मिळेल.” साडूंच्या सगळ्या वाक्यांत ‘मिळेल’ असतं.

आता अपघात. सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. पाली दरवाजाच्या खाली पन्नासेक पायऱ्या उतरल्यावर साडूंनी विचारलं, “अस्लममध्ये एवढं काय आहे हो?” मी म्हणालो, “बघा. बाकीचे चढाईला जाऊन नाचतात. हा पळता पळता हात लावतो आणि तसाच परत फिरतो. असा.” आणि साडूंच्या खांद्याला हात लावून मी तसाच परत फिरलो. म्हणजे शरीर फिरलं. डावा गुडघा फिरला नाही. साडेतीनशे वर्षांत या पायऱ्यांवरून सरदार उतरले, वकील उतरले, पालख्या उतरल्या. माझ्यासारखं बसून कुणी उतरलं नसावं. पाच पायऱ्या. मोजल्या.

गुडघा बघता बघता भाटघरसारखा भरला.

साडू खाली धावले आणि अर्ध्या तासानं चार पोरं घेऊन आले. पालीकडची. बरोबर दोन बांबू आणि एक घोंगडी. घोंगडीची झोळी झाली, झोळीत मी झालो.

“काका, पडला कसं?” उजव्या बाजूच्या पुढच्यानं विचारलं.

मी पायरी निसरडी होती म्हणालो. डिसेंबरातल्या पायरीवर पोरांनी एकदा नजर टाकली, पण वयाचा मान ठेवला.

दहा पावलं गेलो नाही तोच मागच्यानं विचारलं, “काल भोरात दाढीला आलेलं काका ते तुमीच का? अस्लमला वळखणारं?”

शनिवारी संध्याकाळी भोरमध्ये न बोललेली थाप रविवारी दुपारी राजगडाच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत होती. मोबाइलला जिथे रेंज नाही तिथे अफवेला असते. मी म्हणालो, “ओळख म्हणजे... तशी...” आणि कण्हलो. कण्हणं खरं होतं, वेळ साधलेली होती.

झालं. झोळी थांबली, सभा सुरू झाली. चौघंही गावच्या संघातले. झोळी धरायच्या जागा आणि मैदानातल्या जागा जवळपास त्याच. म्हणून मी त्यांना उजवा कोपरा, डावा कोपरा आणि दोन मध्यरक्षक असंच ओळखतो. उजवा कोपरा म्हणाला, अस्लमनं घाई केली तर संपला. डावा कोपरा म्हणाला, “संपतूय कशाचा? पवन सेहरावत बघ. २०२२ ला दोन कोटी सव्वीस लाखाला घेतला, पहिल्याच मॅचमध्ये गुडघा गेला, हंगाम बाहीर. म्होरल्या लिलावात किती? दोन कोटी साठ लाख पन्नास हजार!”

म्हणजे गुडघा मोडून भाव वाढला. बँकेत आम्ही दुरुस्त केलेल्या गाडीला निम्मं कर्ज द्यायचो.

“मानधना बी हाय की,” मागचा मध्यरक्षक म्हणाला. सांगलीची स्मृती मानधना. २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध ९०, पुढच्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. आकडे त्याला धावफलकासारखे पाठ. मीही मागे राहू नये म्हणून झोळीतून मान काढून सांगितलं, की १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं कबड्डी खेळून दाखवली होती. चौघांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. त्या नादात पुढचे दोघं एक पायरी चुकले आणि माझं डोकं बर्लिनला आदळलं.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. दीड तास उतरलो. त्या दीड तासात अस्लमच्या गुडघ्याला बर्फ लावायचा की शेक द्यायचा, निरगुडीचा पाला बांधायचा की फिजिओचं ऐकायचं, मॅट चांगली की माती, यावर चार मतं आणि सहा भांडणं झाली. घोंगडीत एक गुडघा प्रत्यक्ष हजर होता. निळा पडलेला, टम्म, तपासायला मोफत. त्याच्याकडे कुणी बघेना. मी एकदा म्हणालो, “माझाही ठणकतोय जरा.” उजवा कोपरा म्हणाला, “हां काका,” आणि पवन सेहरावतकडे परत गेला.

उतार संपत आला तिथे झाडाखाली एक पोरगा ताक विकत बसला होता. विशीतला, उंच, चढाईपटूच्या लांब पायांचा. शेजारी त्याची आजी. झोळी टेकली तसा तो उठला आणि मला कळलं, की हा पाचवा. उठताना त्यानं डावा पाय आधी लांब केला, मग हातावर भार दिला, मग उभा राहिला. मी पस्तीस वर्षं तसाच उठतोय. ती पद्धत मी कुठेही ओळखेन.

“आमचा मेन चढाईवाला,” डावा कोपरा म्हणाला. “दीड वर्सामागं जत्रंच्या सामन्यात गेला.”

गुडघ्यातलं सगळं त्यानंच मला समजावलं, ताक ओतता ओतता. वरचं आणि खालचं हाड धरणारा दोरा असतो. तो पुरा तुटला की हाडासारखा आपसूक सांधत नाही. मांडीमागची शीर काढून तिथे बसवतात, हाडात भोक पाडून. ती तिथे मुरायला नऊ-दहा महिने. पोटरीला, मांडीला पहिल्यापासून चालायला शिकवायचं. त्याआधी खेळला तर पुन्हा तुटायची भीती. पुण्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दिलं होतं. खर्चाचा आकडाही त्याच कागदावर होता.

“मग?”

“भात चांगला झाला औंदा. पण बहिणीचं लगीन निगालं.” त्यानं ग्लास पुढे केला. “म्होरल्या भाताला बघू.”

आजीला ऐकू कमी येत होतं. इतका वेळ पोरं कुणाच्या गुडघ्याबद्दल ओरडतायत ते तिला कळेना. “कुनाचं पोर ते?” तिनं विचारलं.

“नगरकडचं हाय, आजे. लई मोठा खेळाडू.”

“आई हाय का त्याला?”

“हाय. बाप ल्हानपनीच गेला. आईनं कष्ट करून वाढीवला.”

आजीनं मान हलवली. “मंग व्हईल बरा,” म्हणाली आणि ताकात मीठ टाकायला वळली.

तेव्हा त्या पोरानं मला विचारलं. सगळ्यांसारखं ओरडून नाही, हळू. “काका, तुमी वळखता त्याला. खरं सांगा. परत खेळंल ना तो?”

ही वेळ खरं बोलायची होती. मी अस्लमला टीव्हीबाहेर कधी पाहिलेलं नव्हतं. पण तो विचारत होता ते अस्लमबद्दल नव्हतंच. एवढं झोळीतल्या माणसालाही कळतं. मी म्हणालो, “पुढच्या हंगामात. कर्णधार म्हणून. माझा शब्द.”

आयुष्यभर बँकेत मी तारणाशिवाय कुणाला शब्द दिला नव्हता.

पुढचं थोडक्यात. जीप ‘मिळाली’, चार तासांनी. तेवढ्यात पोरांनी पालीतली सईबाईंची समाधी दाखवली. मी टेकून उभा राहून नमस्कार केला. राजगडावरच गेल्या त्या, १६५९ साली. गाडीची किल्ली साडूंच्या जर्किनमध्ये होती आणि जर्किन गाडीत होतं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी विचारलं, “पडलात कसे?” मी म्हणालो, “चढाई करताना.” त्यांनी माझं वय पुन्हा वाचलं.

त्या शब्दापायी मात्र मी आठ महिने जळलो. पूर्वी पेपरात आधी व्याजदर वाचायचो, आता अस्लम शोधायला लागलो. बायको म्हणाली, स्वतःच्या गुडघ्याचा व्यायाम कर म्हटलं तर करत नाहीस, त्याच्या गुडघ्यासाठी जागतोस. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यावर कुणी शब्द घेतलेला नाही.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस बारावा हंगाम सुरू झाला आणि पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार होता. पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत, दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. भोरच्या त्या सलूनमध्ये तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करून मी आठवडाभर घरीच दाढी केली.

राजगडाला जाल तर चोरदरवाजानं चढा आणि पालीनं उतरा. पायऱ्या मोठ्या आहेत, फक्त त्यांवर काही करून दाखवू नका. खाली झाडाखाली एक उंच पोरगा ताक विकताना दिसला तर दोन ग्लास घ्या. आणि अस्लमची चौकशी झाल्यावर त्याला त्याचा गुडघा कसा आहे तेही विचारा.