डॅफोडिलचे कांदेपोहे

शाळेत इंग्रजीच्या तासाला वर्ड्सवर्थने डोक्यात खोवलेलं पिवळं फूल पन्नाशी उलटली तरी निघेना, म्हणून डॅफोडिलचे कांदे ऑनलाइन मागवले. रत्नागिरीत! इथे थंडी पहाटे येते आणि चहा उकळेपर्यंत जाते. या कांद्यांना तर फूल धरायला तीनेक महिने दहा अंशांखालचा गारवा हवा. तेव्हा फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, सुकटीच्या डब्याशेजारी कागदी पिशवीत त्यांची सोय लावली. "पिशवीवर नाव घाला," बायको म्हणाली. "घरात माणसं दोन. विसरणार कोण?" मी.

ती माहेरी राजापूरला गेली आणि उत्तर मिळालं. रात्री भूक लागली. पोहे भिजवले, पिशवीतला कांदा चिरला. डोळ्यांत टिपूस नाही, हाताला मात्र बुळबुळीत चीक. फ्रिजात राहून कांद्याचा स्वभाव निवळला असावा, असा निष्कर्ष मी काढला. (मी विज्ञानाचा पदवीधर आहे.)

चार घासांत जीभ चरचरली, मग ओकाऱ्या सुरू झाल्या. डॅफोडिलच्या कांद्यात लायकोरिन हे वांती करवणारं विष असतं, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक. फोडणीत परतून यातलं काही जात नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?"

"डॅफोडिल."

"ती कविता ना?" म्हणत त्यांनी सलाइन लावलं.

इंग्लंडात सफोकमधल्या एका शाळेत 2009 साली मुलांनी केलेल्या सूपमध्ये हाच कांदा पडला होता. 2015 मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने दुकानदारांना डॅफोडिल भाजीपासून लांब मांडायला सांगितलं. मला जरा धीर आला. पण ती शाळकरी मुलं होती, हे बायकोने लगेच दाखवून दिलं.

खरा घाव पुढेच होता. डॅफोडिलमधून गॅलँटामिन मिळतं. अल्झायमरच्या रुग्णांसाठी ते अमेरिकेत 2001 पासून मान्य आहे. वेल्समध्ये त्यासाठी डॅफोडिलची शेतीही होते. म्हणजे विसरलो म्हणून जे खाल्लं, त्यातच विसराळूपणाचं औषध! "मग उरलेल्यांची भाजी करू?" बायकोने विचारलं.

आमच्या अंगणातला सुदर्शन याच कुळातला. पावसात पांढरा फुलतो, फ्रिज मागत नाही. लायकोरिन त्याच्याही कांद्यात आहे, पण तो पोह्यांत घालायची बुद्धी आमच्या घराण्यात अजून कुणाला झालेली नाही. माझ्यावर आता लक्ष असतं.

तुम्ही डॅफोडिल मागवलेच, तर चिरण्याआधी नाकाचा वापर करा: खाण्याच्या कांद्याला उग्र वास येतो, डॅफोडिलच्या कांद्याला तो येत नाही.