उड्डाणगणिती

विमानाचे तिकीट मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्यापासून जो नवा पंडितवर्ग उदयास आला, त्यास सोयीसाठी ‘उड्डाणगणिती’ म्हणता येईल. या वर्गातील गृहस्थ विमानात वर्षाकाठी एखाद्या वेळी बसतो, परंतु कोणत्याही दोन शहरांमधील हवाई अंतर त्यास स्वतःच्या सोसायटीच्या थकबाकीपेक्षा अधिक पाठ असते. मुंबई-जबलपूर हे अंतर सुमारे 870 किलोमीटर असल्याचे तो सांगतो, आणि हे महावर्तुळावरील, म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय, हा खुलासा कोणी न विचारता जोडतो. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरल्यास हे उड्डाण तासाभराचे ठरते. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपासचा आकडा असतो, कारण कंपन्या ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे विमान जागचे हलल्यापासून मुक्कामी पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा काळ, मोजतात. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वारे जाताना जी मिनिटे वाचवतात, ती परतताना सव्याज वसूल करतात, हे तो विशेष समाधानाने सांगतो.

रेल्वेविषयी त्यास केवळ करुणा वाटते. मुंबईचा लोहमार्ग 1870 साली जबलपूर येथे कोलकात्याकडील मार्गास मिळाला आणि ज्यूल व्हर्नच्या नायकाने पृथ्वीप्रदक्षिणेचा हिशेब याच जोडणीच्या भरवशावर मांडला. त्या नायकास उड्डाणगणिती आपला आद्यपुरुष मानतो, मात्र त्यास ऐंशी दिवस लागावेत हा शुद्ध आळस समजतो.

दुपारच्या विमानासाठी हा गृहस्थ डोंबिवलीहून भल्या पहाटे निघतो, तो काळ हिशेबात धरला जात नाही, कारण त्या वेळी तो उडत नसतो. जबलपूरचा डुमना विमानतळ शहराच्या पूर्वेस आणि भेडाघाट पश्चिमेस असल्यामुळे पश्चिमेकडून आलेला हा प्रवासी इष्ट स्थळ मागे टाकून उतरतो आणि अख्खे शहर ओलांडून मोटारीने मागे येतो. “दाजी, किती वेळ लागला?” या जबलपूरवासी मेहुण्याच्या प्रश्नास दिवेलागणीच्या सुमारास, चेहरा सुकलेला असतानाही, “तासभर” हेच उत्तर मिळते.

दुसऱ्या दिवशी नर्मदेच्या पात्रात, दोन्ही बाजूंस संगमरवरी कडे उभे असताना आणि नावाडी यमके जुळवून वर्णन करीत असताना, तो परतीचे वारे तपासत असतो. ‘बंदर कूदनी’ येथे पूर्वी खडक इतके जवळ होते की माकडे या काठावरून त्या काठावर उडी घेत, असे नावाडी सांगतो, आणि उड्डाणगणिती प्रथमच मान वर करून अंतर व वेग विचारतो. वस्तुतः ब्लॉक टाइम आणि प्रत्यक्ष उड्डाणकाळ यांत तिळमात्र फरक नसलेली हवाई सेवा या परिसरात तेवढी एकच होऊन गेली, आणि तिच्या प्रवाशांनी तिचे गणित कधीही मांडले नाही.