पेटी कोणाची?

महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघून मुंबईत येते, पण महालक्ष्मी स्टेशनला काही जात नाही. गाडी मध्य रेल्वेची, स्टेशन पश्चिम रेल्वेचं. कुर्ला टर्मिनसचंही तेच. त्याला लोकमान्यांचं नाव मिळालं, लोकांच्या तोंडी मात्र अजून कुर्लाच. त्या भरवशावर उतरलेल्या पाहुण्याला बॅगा खाली ठेवल्यावर कळतं, की लोकलचं कुर्ला स्टेशन इथून बरंच लांब आहे. भोवती रिक्षावाले जमतात, प्रत्येकाचा आकडा वेगळा. तेवढ्यात सॅक लटकवलेला कोणीतरी चालता चालताच सांगतो, "टिळकनगर धरा. हार्बर. चालत जा." आणि गर्दीत गडप. आभार मानायचे तर त्याच्यामागे पळावं लागेल.

मुंबईकराची मदत ही अशी. सूर तिरसट, मजकूर बिनचूक.

दादरला मात्र मजकूरही डळमळतो. डिसेंबर २०२३ पर्यंत इथे एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. 'एक नंबरला भेटू' असं ठरवून मेहुणा एका एकवर, पाहुणा दुसऱ्या एकवर, आणि दोघंही फोनवर "अरे, मी एकवरच उभा आहे!" म्हणून खेकसताहेत. शेवटी रेल्वेने पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ नंबर दिले. गोंधळ मिटायला हवा होता. पण जुन्या प्रवाशांच्या डोक्यातली पाटी रेल्वेला कशी बदलता येणार? "कल्याण स्लो? एकवर जा," असं ते छातीठोकपणे सांगतात, आणि पाहुणा बोरिवलीच्या गाडीत बसतो.

लोकलमध्ये तर नवख्याचा ताबा अख्खा डबाच घेतो. ठाण्याहून सीएसएमटी फास्टला चढलेले एक काका घ्या. हातात हापूसची पेटी, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"कुठे उतरणार?"

"दादर."

"मग आत सरका. घाटकोपर, कुर्ला, मग दादर. पेटी द्या इकडे."

पेटी डोक्यांवरून हातोहात जाऊन पार पलीकडच्या रॅकवर बसते. काकांचा जीव पेटीत, पाय तिसऱ्याच्याच चपलेवर. बसलेल्यांपैकी एक जण सरकून चौथी सीट देऊ करतो, म्हणजे अर्धी मांडी टेकण्यापुरती फळी. काका पेटीवर नजर ठेवून उभेच राहतात. कुर्ला सुटतं. "काका, आता दाराकडे! दादर डाव्या बाजूला." "डाव्या कसलं, उजव्या!" वाद रंगतो, गाडी थांबते, आणि काका उतरत नाहीत, उतरवले जातात. पेटी आतच.

"ओ, पेटी कोणाची? पेटी!" आतून आरोळी येते. पेटी आल्या वाटेने परत निघते, गाडी हलते, दारातला पोरगा ती फलाटावरच्या भलत्याच माणसाच्या हातात कोंबतो. तो माणूस काकांना शोधून पेटी देतो आणि वर रागावतोही, "सांभाळता येत नाही तर आणता कशाला?"

पुढे गिरगावला जायचं म्हणून काका स्टेशनबाहेर रिक्षा शोधू लागतात. शोधू नका. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. टॅक्सी करा, आणि मीटर टाकायला सांगा.