बालगीतातून काळा इतिहास कसा काढावा

या धंद्याला भांडवल फारसं लागत नाही. एखादं इंग्रजी बालगीत घ्यावं, जे सगळ्यांना बालवाडीत पाठ झालं आणि ज्याचा अर्थ तेव्हा कोणी विचारला नाही. त्यातल्या मेंढीमागे, अंड्यामागे किंवा बादलीमागे एखादी रोगराई, निदान एखादा शिरच्छेद दडलेला आहे, एवढं सिद्ध करायचं. बाकी काम ऐकणारेच करतात.

आधी संकट निवडावं, मग गाणं. ‘रिंगा रिंगा रोझेस’ला 1665 सालचा लंडनचा प्लेग चिकटवणं हा नवशिक्यांसाठी उत्तम धडा. फुलं म्हणजे अंगावरचे चट्टे, शिंक म्हणजे लक्षण, पडणं म्हणजे मरण. अडचण एवढीच की हे गाणं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा छापलं गेलं 1881 साली, केट ग्रीनअवे यांच्या पुस्तकात. आणि प्लेगचा अर्थ पसरला तो थेट दुसऱ्या महायुद्धानंतर. दोनशे वर्षं कोणी काहीच का बोललं नाही, असं कोणी विचारलंच तर ‘लोक घाबरलेले होते’ म्हणावं. मात्र हा सिद्धांत पुण्यात मांडू नये. 1897चा प्लेग पाहिलेल्या गावाला काखेतली आणि जांघेतली गाठ माहीत आहे. शिंकेला तिथे कोणी प्लेग म्हणणार नाही.

तारखांपासून दूर राहिलेलं बरं. जॅक आणि जिल म्हणजे फ्रान्सचा सोळावा लुई आणि त्याची राणी मारी आंत्वानेत, हा अर्थ ऐकायला झकास आहे. दोघांची डोकी 1793 साली उडाली आणि गाणं त्याआधीच छापून झालं होतं. भविष्यवाणी म्हणून खपवता आलं तर पाहावं.

थोडी विद्वत्ता अंगी असेल तर जॉन बेलेंडन केर यांचा कित्ता गिरवावा. हे गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. 1834 साली त्यांनी पुस्तक काढलं आणि जाहीर केलं, की इंग्रजी बालगीतं इंग्रजी नाहीतच. ती जुन्या डच भाषेतली असून पाद्रीलोकांना घातलेल्या शिव्या आहेत. अडचण अशी, की हे ‘जुनं डच’ बव्हंशी केर यांनीच तयार केलेलं. माणूस अत्यंत गंभीर होता, म्हणूनच त्याचं हसं झालं. पुढे 1967 साली लुई दान्तँ व्हॅन रूटेन या अभिनेत्याने जवळपास हीच युक्ती उलटी वापरली. त्याच्या पुस्तकातल्या फ्रेंच कवितांना धड अर्थ नाही. पण मोठ्याने वाचल्या की इंग्रजी बालगीतं ऐकू येतात. खाली तळटीपा मात्र प्रकांड पंडिताच्या. या पुस्तकाची लोकांनी मनमुराद मजा घेतली.

खरं यश पाहिजे असेल तर डेव्हिड डॉबे यांचा मार्ग धरावा. ऑक्सफर्डमधले हे कायद्याचे प्राध्यापक. 1956 साली त्यांनी विद्यापीठाच्या नियतकालिकात लिहिलं, की हम्प्टी डम्प्टी हे 1643 साली ग्लॉस्टरच्या वेढ्यात वापरलेलं, कोसळून पडलेलं यंत्र होतं. गाण्यात तो अंडं आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, त्यामुळे मैदान मोकळं होतं. लेख थट्टेचा. पण वाचणाऱ्यांनी तो गंभीरपणे घेतला, ग्लॉस्टरकरांना तो आवडला, आणि 1960च्या दशकात संगीतकार रिचर्ड रॉडनी बेनेट यांनी त्या कथेवर मुलांसाठी ऑपेराच रचला. थट्टा करावी ती अशी, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. हसून सांगितलेलं कोणी उचलत नाही.

एवढी कल्पनाशक्ती नसेल त्याने निमूटपणे मोजणी करावी. बालगीतांच्या सुधारणेसाठी झटणारे जेफ्री हँडली-टेलर यांनी 1952 साली सुमारे 200 गीतांचा साधारण संग्रह धरून हिशेब मांडला आणि त्यातली निम्मी आक्षेपार्ह ठरवली. पुढची यादी पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यासारखी आहे : खून 8, गुदमरून मृत्यू 2, शिवाय कोणाला खाल्लं, कोणाचं डोकं उडवलं, याचीही नोंद. पाळीव जनावरं मारण्याचे प्रकार त्यांनी वेगळे लिहिले. नव्या मोजणीदारानेही माणसं आणि जनावरं यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. यादी भरघोस दिसते.